सिंहाला भुवया नसतात

जुन्या ॲनिमेटेड सिनेमांचे लाइव्ह ॲक्शन रिमेक, म्हणजे चित्रांऐवजी खरी माणसं किंवा खऱ्यासारखे दिसणारे प्राणी घेऊन केलेले, हा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो आमच्या लहानपणाला हात लावू नका, दुसरा म्हणतो नका बघू मग, जबरदस्ती आहे का कोणाची. मला दोन्हीकडे जायचं नाहीये. मी यातले बहुतेक रिमेक बघितलेत, काही मनापासून आवडलेत, काही बघताना खरंच वाईट वाटलंय, आणि बरेच दिवस डोक्यात एकच चाललंय की यातले काही जमतात आणि काही फसतात ते का, कारण पैसा तर सगळ्यांवरच ओतलेला असतो, नट मोठेच असतात, गाणीही बहुतेक वेळा तीच असतात, मग फरक पडतो कुठे?

मला वाटतं मूळ सिनेमात चित्र नेमकं काय काम करत होतं हे ज्यांनी ओळखलं त्यांचा रिमेक उभा राहिला. आणि ज्यांनी चित्राला खऱ्या गोष्टीची कच्ची प्रत समजलं, म्हणजे त्या काळी बिचाऱ्यांकडे तंत्रज्ञान नव्हतं म्हणून चित्रं काढावी लागली, आता आम्ही ते नीट करून दाखवतो, असं ज्यांनी धरलं, त्यांचा पडला. पडला म्हणजे गल्ल्यावर नाही हां. गल्ल्यावर तर २०१९ च्या 'लायन किंग'नं जगभरात १६० कोटी डॉलरच्या वर कमावले. मी बघतानाचं बोलतेय.

आणि त्याच सिनेमाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मूळ 'लायन किंग' १९९४ चा, रॉजर ॲलर्स आणि रॉब मिन्कॉफ यांचा. रिमेक जॉन फॅव्हरोचा. त्याला सगळे लाइव्ह ॲक्शन म्हणतात पण त्यात खऱ्या कॅमेऱ्यानं घेतलेला शॉट एकच आहे, अगदी सुरुवातीचा सूर्योदय, बाकी गवत माती झाडं सिंह सगळं कॉम्प्युटरवर बनवलेलं. टीमचे लोक व्हीआर हेडसेट घालून त्या नसलेल्या माळरानात फिरायचे आणि कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवायचे, कॅलेब डेशनेलसारखा मुरलेला सिनेमॅटोग्राफर त्यासाठी घेतला होता, आणि ते काम खरंच थक्क करणारं आहे, कातडीखाली स्नायू सरकताना दिसतात, आयाळीतून वारा जाताना दिसतो. एखादी निसर्गावरची डॉक्युमेंटरी म्हणून कोणी लावली असती तर मी नुसती बघत बसले असते.

पण छोट्या सिम्बाचा बाप, राजा मुफासा मरतो तेव्हा काहीच होत नाही. जुन्या सिनेमात सिम्बा वडिलांच्या अंगाला धक्का देतो, कान ओढतो, घरी जाऊया म्हणतो, आणि मग स्वतःच त्यांच्या पंजाखाली शिरून पडून राहतो. तो सीन मी आजही कोणासमोर बघू शकत नाही. नव्यात साधारण तेच सगळं घडतं, आवाजही पिल्लाचा रडवेला आहे, पण चेहरा मात्र सिंहाच्या पिल्लाचा आहे, आणि सिंहाच्या पिल्लाचा खरा चेहरा जेवताना, खेळताना आणि बाप मेल्यावर साधारण सारखाच दिसतो. खऱ्या सिंहाला भुवया नसतात हो. चित्रातल्या सिम्बाला आहेत, त्या वर जातात, मध्ये एकत्र येतात, खाली पडतात, आणि तेवढ्यानं आपल्याला त्या पोराच्या आत काय चाललंय ते कळतं.

सिम्बाचा दुष्ट काका स्कार, त्याचं तर अजूनच. १९९४ चा स्कार अँड्रियास देजा नावाच्या ॲनिमेटरच्या हाताखाली बनला आणि जेरेमी आयर्न्सचा आवाज, त्याचे ओठ, ती अर्धी मिटलेली नजर, सगळं त्या सिंहात उतरलंय. आळशी आणि कुजका आणि हुशार, हे तिन्ही तो नुसता मान वळवताना दिसतं. त्याच्या गाण्यात तरस रांगेत संचलन करत जातात, हिरवा उजेड, वाफा, खडक वर उचलले जातात, पूर्ण दुःस्वप्न. नव्यात तेच गाणं छोटं झालंय आणि बरंचसं बोलल्यासारखं म्हटलंय, कारण खरा सिंह खडकावर उभा राहून असं नाटक करेल कसा? आणि छोट्या सिम्बाचं राजा व्हायची घाई झाल्याचं गाणं आठवा, त्यात जुन्या सिनेमाचे सगळे रंगच बदलतात, पार्श्वभूमी सपाट आणि भडक होते, आफ्रिकन कापडांवरच्या नक्षीसारखी, प्राणी एकावर एक चढून मनोरा करतात, कारण आपण त्या क्षणी जग बघत नसतो, एका लाडावलेल्या पोराच्या डोक्यातलं जग बघत असतो. नव्यात प्राणी पाणवठ्याजवळून पळतात. छान पळतात.

कोणी म्हणेल की तेव्हाच्या लोकांना खरा सिंह काढता येत नव्हता. येत होता! १९९४ च्या टीमनं स्टुडिओत खरे सिंह आणून त्यांची स्केचेस केलेली आहेत. त्याच्याही आधी, १९४२ च्या 'बॅम्बी'साठी, डिस्नेच्या स्टुडिओत हरणांची पाडसं आणून ठेवली होती आणि चित्रकार त्यांच्याकडे बघून हाडं, सांधे, चाल शिकले. म्हणजे खरं कसं असतं हे त्यांना व्यवस्थित माहीत होतं, ते शिकून झाल्यावर त्यातलं काय ठेवायचं आणि काय वाढवायचं हे त्यांनी ठरवलं. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या जुन्या ॲनिमेटर्सनी १९८१ साली ॲनिमेशनची १२ तत्त्वं मांडली, त्यात अतिशयोक्ती हे एक सरळसरळ तत्त्व आहे. शरीर दाबणं आणि ताणणं हे दुसरं. खरेपणाचा आग्रह धरला की ही दोन्ही पहिल्याच दिवशी हातातून जातात.

जिनीचं घ्या. १९९२ च्या 'अल्लादिन'मध्ये रॉबिन विल्यम्स रेकॉर्डिंगला मनाला येईल ते बोलत सुटायचा, आणि एरिक गोल्डबर्ग नावाचा ॲनिमेटर त्या प्रत्येक वेड्या उडीसाठी चित्रातही एक उडी शोधायचा. अल हर्शफेल्ड या व्यंगचित्रकाराची एका ओघात वळणारी रेषा त्यानं डोळ्यासमोर ठेवली होती. म्हणून तो जिनी धूर आहे, शाई आहे, एका सेकंदात माणूस आणि दुसऱ्या सेकंदात मधमाशी आहे, आणि आपल्याला मध्ये कुठेही अडखळायला होत नाही. २०१९ मध्ये विल स्मिथनं स्वतःचा वेगळा जिनी करायचा प्रयत्न केला, आणि मला तो माणसाच्या रूपात असतो तेव्हा आवडलाही, अल्लादिनला प्रेमाचे सल्ले देणारा मोठ्या भावासारखा. पण निळा झाला की संपलं. निळ्या रंगाच्या खऱ्या माणसाला रेषेसारखं वाकता येत नाही, त्याला खांदे असतात, वजन असतं.

आता जे जमले त्यांच्याबद्दल, कारण नुसतं रडगाणं गायला मी बसले नाहीये. २०२५ मध्ये दोन रिमेक आले, 'लिलो अँड स्टिच' आणि 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन', आणि दोन्हींतला तो मुख्य प्राणी मला पूर्ण पटला. स्टिचवर केस आले, टूथलेसवर खवले आले, तरी दोघंही अभिनय करतात, डोळे मोठे होतात, कान पडतात, लबाडी दिसते. का? कारण स्टिच हा परग्रहावरचा आहे आणि टूथलेस ड्रॅगन आहे, आणि खरा ड्रॅगन कसा दिसतो हे कोणीच बघितलेलं नाही, त्यामुळे खरेपणाची फूटपट्टी लावायला कोणाला जागाच मिळाली नाही, चित्रातला चेहरा जवळपास तसाच ठेवावा लागला. शिवाय स्टिचचा आवाज याही वेळी ख्रिस सँडर्सचाच, ज्यानं २००२ मध्ये डीन डिब्लॉइससोबत मूळ सिनेमा केला होता, आणि ड्रॅगनवाल्या रिमेकचं दिग्दर्शन तर खुद्द डिब्लॉइसनंच केलंय. मूळ करणारा माणूस खोलीत असला की काय हरवता कामा नये हे त्याला सांगावं लागत नाही.

फॅव्हरोचाच २०१६ चा 'जंगल बुक' मला आवडतो हेही सांगून टाकते. तिथे मध्यभागी एक खरं पोरगं होतं, नील सेठी, आणि आपले डोळे त्याच्या चेहऱ्यावर टिकतात, आजूबाजूचं सगळं जंगल लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत बनवलेलं असूनही. त्यात किंग लुईबद्दलचा एक निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. १९६७ च्या सिनेमात तो ओरँगउटान होता आणि ओरँगउटान भारतात सापडत नाहीत, तर यांनी त्याला जायगँटोपिथेकस केला, कधीच नामशेष झालेला अवाढव्य वानर. म्हणजे खरेपणाचा नियमही पाळला आणि पात्राला एकदम भीतीदायक आकारही मिळाला, अंधारात बसलेला तो डोंगर आधी आपल्याला पूर्ण दिसतच नाही. असा विचार तीन वर्षांनी सिंहांच्या वेळी कुठे गेला कोण जाणे.

आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे केनेथ ब्रॅनाचा २०१५ चा 'सिंड्रेला'. याच्याबद्दल लोक फार बोलत नाहीत. १९५० चा मूळ सिनेमा मला प्रिय आहे पण त्यात खरी मजा उंदरांची आणि मांजराची आहे, राजपुत्र तर दोन शब्द बोलून गायब होतो, त्याला नीटसं नावही नाही. चित्रातला देखणा तरुण जिवंत करणं हे त्या काळच्या ॲनिमेटर्सना सगळ्यात अवघड जायचं, उंदीर सोपा. म्हणजे मूळ सिनेमात एक मोकळी जागा होती आणि ती नेमकी अशी होती की जी खरी माणसं भरू शकतात. ब्रॅनानं त्या दोघांची राजवाड्यातल्या नाचाच्या आधी जंगलात भेट घडवली, दोघांना बोलू दिलं, राजपुत्राला मरणाच्या दारात असलेला बाप दिला आणि त्या बापाजवळ तो लहान मुलासारखा पडून राहतो असा एक सीन दिला, केट ब्लँचेटच्या सावत्र आईला तिचं स्वतःचं दुःख दिलं. तो निळा ड्रेस सँडी पॉवेलनं केलाय, आणि तो गोल फिरतो तेव्हा खऱ्या कापडाला वजन असतं याचा फायदा दिसतो, नुकसान नाही. रिमेक करायचाच असेल तर असा करावा असं मला मनापासून वाटतं. जिथे चित्र कमी पडलं होतं तिथून सुरुवात करा.

उलट 'लिटल मर्मेड'. २०२३ चा रॉब मार्शलचा. त्यात जलपरी एरियल झालेल्या हॅली बेलीच्या रंगावरून तिला जे काही ऐकून घ्यावं लागलं ते लाजिरवाणं होतं, आणि गंमत नाही पण त्या अख्ख्या सिनेमात सगळ्यात खरी गोष्ट तिचा आवाज आहे. गुहेतलं ते गाणं ती गाते तेव्हा अंगावर काटा येतो. ते गाणं १९८९ मध्ये कापलंच जाणार होतं माहितीये, एका टेस्ट स्क्रीनिंगला मुलं चुळबुळ करायला लागली म्हणून, गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि एरियलचा ॲनिमेटर ग्लेन कीन भांडले म्हणून राहिलं. तर बेलीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार सेबॅस्टियनबद्दल आहे, जो आता खरा खेकडा आहे, आणि समुद्राखालच्या त्या पार्टीबद्दल आहे, जिथे आता पाण्याखाली जेवढा उजेड खरोखर पोचेल साधारण तेवढाच उजेड आहे. ॲशमनचा आग्रह होता की सेबॅस्टियन कॅरिबियन असावा, त्याच्या गाण्यात ती लय यावी, आणि चित्रकारांनी त्या लयीला मासे नाचवले, शंख वाजवले. खरे मासे फक्त पोहतात.

लांबीचं पण बोलायला हवं. १९८९ ची एरियल ८३ मिनिटांत गोष्ट सांगून मोकळी, नवी १३५ मिनिटं. 'लायन किंग' ८८ चे ११८ झाले. १९४१ चा 'डंबो' फक्त ६४ मिनिटांचा आहे आणि टिम बर्टनचा २०१९ चा ११२ मिनिटांचा. हातानं काढायच्या सिनेमात प्रत्येक सेकंदाला २४ फ्रेम भरायच्या असतात, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, त्यामुळे नको असलेला एक सीनही परवडायचा नाही, आणि म्हणून स्टोरीबोर्डवर चिकटवलेली चित्रं पुन्हा पुन्हा लावून, काढून, फाडून गोष्ट आधीच घट्ट करून ठेवायचे. ती शिस्त पैशानं आणि मेहनतीनं आणलेली होती पण तिच्यातूनच ते सिनेमे असे झाले की आजही मध्ये कुठे उठावंसं वाटत नाही. रिमेकमध्ये मग भर घालायची म्हणून घातली जाते, एखादं नवीन गाणं, आईची मागची गोष्ट, लहानपणीचा एखादा प्रश्न ज्याचं उत्तर कोणी मागितलंच नव्हतं.

कथेतले बदल हा वेगळाच विषय आहे, दोनच सांगते. १९९८ ची मुलान सैन्यात सगळ्यात कमकुवत असते आणि ती दोन वजनं एकमेकांत अडकवून त्या खांबावर चढते आणि वरचा बाण काढून आणते, डोकं वापरून. २०२० च्या मुलानमध्ये लहानपणापासूनच 'ची'ची, म्हणजे आतल्या जीवनऊर्जेची, शक्ती आहे. मग ती शिकली काय? दुसरा 'लिलो अँड स्टिच'चा शेवट. मूळ सिनेमा अख्खा एका गोष्टीवर उभा आहे की नानी नावाची मोठी बहीण आपल्या लहान बहिणीला, लिलोला, सोडणार नाही, समाजकल्याणवाले आले, नोकरी गेली, तरी नाही. नव्यात नानी शेवटी शिकायला सॅन डिएगोला जाते आणि लिलो शेजारणीकडे राहते. नानीलाही आयुष्य आहे हे मला मान्य आहे, तिला कॉलेज मिळावं असं मलाही वाटतं, पण त्यासाठी त्या घराची जी गाठ होती तीच सोडवली असं वाटलं मला, आणि स्टिच एवढा गोड असूनही थिएटरमधून बाहेर पडताना त्याचंच वाईट वाटत होतं. जुन्या सिनेमातली ती जलरंगातली पार्श्वभूमी, डिस्नेनं 'डंबो'नंतर किती दशकांनी वापरली होती, ती मऊ टोकांची घरं, ती तर गेलीच.

रिमेकच्या बाजूनं सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा म्हणजे नवीन पिढीसाठी. हा मला पटत नाही. नवीन पिढीसाठी जुना सिनेमा पूर्वी काय करायचे? परत थिएटरमध्ये लावायचे. 'स्नो व्हाइट' १९३७ चा, डिस्नेचा पहिला मोठ्या लांबीचा ॲनिमेटेड सिनेमा, आणि पुढची कित्येक दशकं तो काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा रिलीज व्हायचा, प्रत्येक वेळी नवीन मुलं, तीच चित्रं. अगदी अलीकडे, २०११ मध्ये, १९९४ चाच 'लायन किंग' थ्रीडी करून लावला तर एकट्या अमेरिकेत आणि कॅनडात ९ कोटी डॉलरच्या वर कमाई झाली, आणि तेव्हा तर तो घरोघरी डीव्हीडीवर होता. मुलांना हाताची चित्रं जुनाट वाटतात हे मोठ्यांनी परस्पर ठरवलेलं आहे. माझ्या भाचीला मी दोन्ही दाखवलेत, तिला कुठला जुना हे विचारायचंही सुचलं नाही, ती फक्त पुंबा या रानडुकराला हसत होती, जुन्या. दरम्यान डिस्नेचा हातानं काढलेला शेवटचा मोठा सिनेमा २०११ चा 'विनी द पू', त्यानंतर नाही. जी कला वापरून हे सगळे सिनेमे बनले तिला काम नाही आणि तिच्या आठवणीवर मात्र दरवर्षी नवीन तिकीट, हे मला खुपतं.

आणि पुन्हा सांगायचीच असेल गोष्ट तर चित्रातच, वेगळ्या हातानं सांगता येते की. २०२२ मध्ये एकाच वर्षी दोन पिनोकियो आले, एक रॉबर्ट झेमेकिसचा, १९४० च्या सिनेमाचा रिमेक, टॉम हँक्सला घेऊन, आणि दुसरा गिलेर्मो देल तोरोचा, स्टॉप मोशनमधला, म्हणजे बाहुल्या फ्रेमगणिक थोड्या थोड्या हलवून केलेला, मुसोलिनीच्या काळातल्या इटलीत नेऊन ठेवलेला. दुसऱ्यातला पिनोकियो ओबडधोबड आहे, दारू प्यायलेल्या रडत्या बापानं रात्रीत ठोकलेला, एक कान धड नाही, खिळे बाहेर आलेले. पण तो लाकूड आहे हे विसरता येत नाही आणि तो पोरगा आहे हेही विसरता येत नाही. ऑस्कर त्यालाच मिळालं. पहिला मला आता आठवायलाही कष्ट पडतात.

पुढचा नंबर 'मोआना'चा आहे, २०२६ च्या जुलैसाठी जाहीर झालेला, आणि मूळ सिनेमा फक्त २०१६ चा! तो कॉम्प्युटरवरच बनलेला थ्रीडी आहे त्यामुळे रेष हरवायची भीती नाही असं कोणाला वाटेल, पण त्यातही हातानं काढलेली एक गोष्ट आहे, माउई या अर्धदेवाच्या अंगावरचं गोंदण. ते हलतं, त्याच्याशी भांडतं, त्याच्या छातीवरून पाठीवर पळतं, त्याला खरं बोलायला लावतं, आणि ते छोटं माउई ज्यांच्या देखरेखीखाली हातानं काढलं गेलं ते म्हणजे एरिक गोल्डबर्ग, जिनीवालेच. रिमेकमध्येही माउई ड्वेन जॉन्सनच आहे, म्हणजे यावेळी खऱ्या माणसाच्या खऱ्या कातडीवर ते गोंदण येणार. मी तिकीट काढणार आहे, आणि पहिली गोष्ट तीच बघणार आहे की ते हातानं काढलंय का.